बारीला क्रूझ थांबली की एका दिवसात मातेरा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एड्रियाटिक किंवा ग्रीसकडच्या क्रूझवर बऱ्याचदा इटलीतलं बारी हे बंदर असतं आणि आपल्याकडच्या लोकांना तिथं उतरून काय करायचं ते कळत नाही. माझं उत्तर कायम एकच असतं, वेळ पुरत असेल तर मातेराला जा. नातेवाईक, सोसायटीतल्या काकू, ऑफिसातली मंडळी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

मातेरा म्हणजे नक्की काय आहे?

दक्षिण इटलीत, बारीपासून साधारण ६५ किलोमीटर आत, बाझिलिकाता प्रांतात ग्राविना नावाची एक खोल दरी आहे आणि तिच्या काठाच्या उतारावर मऊ चुनखडीच्या दगडात खोदलेली घरं, चर्च, तबेले, पाण्याची टाकी असं सगळं एकावर एक रचल्यासारखं अख्खं गाव आहे. या जुन्या भागाला सास्सी म्हणतात. त्याचे दोन भाग, सास्सो कावेओसो आणि सास्सो बारिसानो, आणि दोघांच्या मधल्या उंचवट्यावर चिविता, जिच्या डोक्यावर तेराव्या शतकातलं कॅथेड्रल. या परिसरात माणूस अश्मयुगापासून राहतोय. १९९३ साली युनेस्कोच्या यादीत आलं, २०१९ साली बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या जोडीनं युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. जेम्स बाँडच्या २०२१ च्या सिनेमातला सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग इथलाच, बरेच जण त्यामुळेच नाव ऐकून असतात.

अजिंठा-वेरूळ बघितलंय, मग गुहा बघायला इटलीत कशाला जायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो रास्तच आहे. आपल्या लेण्या कठीण बसाल्टमध्ये कोरल्यात आणि त्या देवासाठी किंवा भिक्षूंसाठी, तिथं कुणी चूल मांडून, पोरंबाळं वाढवून पिढ्यानपिढ्या संसार केला असं नाही. मातेरात नेमकं तेच झालंय. दगड इतका मऊ की साध्या कुदळीनं निघतो, आणि आतून निघालेला दगड चौकोनी कापून त्याचीच पुढची खोली बांधायची, त्यामुळे बाहेरून बघताना साधं घर दिसतं आणि आत पाच पावलं गेलात की डोंगर सुरू होतो. एकाच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्याचा रस्ता, चालता चालता पायाजवळ धुराडं दिसतं.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. कान्हेरीला गेला असाल तर तिथली दगडात खोदलेली पाण्याची टाकी आठवा, किंवा ट्रेक करत असाल तर गडावरची टाकी आठवा. पावसाचं पाणी पकडून वर्षभर कसं पुरवायचं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता, मातेरानं त्याचं उत्तर एका पूर्ण शहराच्या मापानं काढलं. अजिंठ्यासारखी चित्रं शोधायला जाल तर थोडी निराशा होईल. माणसं कशी जगली ते बघायला जा, मग भरून पावाल.

जहाज किती वेळ थांबत असेल तर जाण्यात अर्थ आहे?

गाडीनं एका बाजूला तास-सव्वा तास लागतो, ट्रेननं साधारण पावणेदोन तास आणि वर बंदरातून स्टेशनला पोचायला अर्धा तास. म्हणजे ट्रेननं जायचं तर नुसत्या येण्याजाण्यातच साडेचार-पाच तास जातात. जहाज सकाळी ८ ला लागून संध्याकाळी ६-७ ला सुटत असेल तर ट्रेन जमते. सात-आठ तासच असतील तर टॅक्सी, व्हॅन किंवा जहाजाची टूर. सहा तासांपेक्षा कमी असेल तर माझं ऐका, बारीच फिरा, ते शहरही छान आहे, उगाच धावत जाऊन व्ह्यू पॉइंटवरून दहा फोटो काढून परत येण्यासाठी मातेरा नाहीये.

काही क्रूझ बारीऐवजी तारांतोला थांबतात, तिथूनही मातेरा रस्त्यानं सव्वा तासाच्या आसपास आहे, त्यामुळे इटिनररीत तारांतो दिसलं तरी विचार करायला हरकत नाही.

जहाजाची टूर घ्यावी की स्वतः जावं?

जहाजाच्या टूरचा एकच फायदा आहे पण तो मोठा आहे, बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज तुमच्यासाठी थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही. आईवडील सोबत असतील, पहिलीच क्रूझ असेल, किंवा तुमचा स्वभाव सारखं घड्याळ बघून टेन्शन घेणारा असेल तर सरळ जहाजाची टूर घ्या आणि निवांत राहा. तोटा असा की चाळीस-पन्नास माणसांचा घोळका असतो, गाईडच्या झेंड्यामागून चालायचं, आणि बऱ्याच टूरमध्ये आतलं एखादंच ठिकाण दाखवतात. बुक करायच्या आधी एवढं नक्की बघा की "पॅनोरॅमिक" असं काही लिहिलंय का, कारण तसं असेल तर बराचसा वेळ बसमधून आणि व्ह्यू पॉइंटवरूनच बघणं असतं, आणि मातेरात चढउतार केल्याशिवाय काही कळत नाही.

चार ते सात-आठ माणसांचा ग्रुप असेल तर आधीच ठरवलेली व्हॅन हा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग. माणशी खर्च बऱ्याचदा जहाजाच्या टूरच्या जवळपासच येतो आणि वेळ आपल्या हातात राहतो. ड्रायव्हरला येण्याची वेळ नाही, परत बंदरात सोडण्याची वेळ लिहून द्या.

ट्रेननं कसं जायचं? ट्रेनिटालियाच्या ॲपवर दिसतच नाही.

नाही दिसणार. बारीहून ट्रेनिटालियाची गाडी मातेराला जातच नाही. फेरोविए आप्पुलो लुकाने म्हणजे एफएएल ही वेगळी नॅरोगेज रेल्वे आहे, तिचं स्टेशनही वेगळं आहे, बारी चेंत्रालेच्या मेन बिल्डिंगला लागूनच, कोर्सो इतालियाच्या बाजूला. तिथंच शेजारी एअरपोर्टकडे जाणाऱ्या तिसऱ्याच रेल्वेचंही स्टेशन आहे, त्यामुळे लोक गोंधळतात, तर बोर्डवर एफएएल ही अक्षरं बघूनच आत जा.

तिकीट एका बाजूचं दहा युरोच्या आतच असतं. गाडी छोटी, दोन-तीन डब्यांची, आणि वाटेत अल्तामुरा लागतं. इथं लक्ष द्या, काही गाड्या थेट जातात, काहींना अल्तामुराला बदलावं लागतं, आणि एकच गाडी तिथं दोन दिशांना फुटते असंही होतं, एक भाग मातेराला आणि एक ग्राविना गावाकडे. चढतानाच प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला "मातेरा?" एवढं विचारून घ्या, ते हातानं डबा दाखवतात. उतरायचं मातेरा चेंत्रालेला. मातेरात एकापेक्षा जास्त स्टेशनं आहेत, घाईत आधीच्या स्टेशनवर उतरू नका.

रविवारी आणि इटलीतल्या सुट्टीच्या दिवशी टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या विरळ असतात आणि ट्रेनच्या जागी बस असू शकते. जहाज रविवारी लागत असेल तर एफएएलच्या साइटवर त्याच तारखेचं टाइमटेबल बघितल्याशिवाय ट्रेनचा बेत पक्का करू नका. परतीची गाडी आधी ठरवा, मग जाण्याची. आणि परतीची ठरवताना तिच्या नंतरची गाडीसुद्धा ऑल अबोर्डच्या (म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत यायच्या शेवटच्या वेळेच्या) आधी बारीला पोचते ना ते बघा, पोचत नसेल तर एक गाडी अलीकडची घ्या.

बंदरातून स्टेशनला टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. चालत जायचं तर जुन्या बारीच्या गल्ल्यांमधून निघून विया स्पारानो हा पादचाऱ्यांचा सरळसोट रस्ता पकडायचा, तो थेट स्टेशनसमोर नेतो, अर्धा तास धरा. बंदराच्या आतच बरंच अंतर असतं, गेटपर्यंत शटल असते, ती सोडू नका.

ऑल अबोर्डची वेळ जहाजाच्या घड्याळानं की फोनच्या?

जहाजाच्या. आणि हे इथं जास्त महत्त्वाचं आहे कारण ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे. जहाज आदल्या दिवशी कोर्फूला असेल आणि फोन बारीत उतरल्यावर आपोआप इटलीच्या वेळेवर गेला, पण जहाजानं घड्याळ बदललं नसेल, तर एक तासाचा फरक पडतो. उतरण्याआधी गँगवेजवळच्या (जहाजातून उतरायच्या वाटेजवळच्या) घड्याळाशी हातातलं घड्याळ जुळवा आणि साधं मनगटी घड्याळच घाला. मी सगळ्यांना ऑल अबोर्डच्या दीड-दोन तास आधी बारीत परत या असंच सांगते.

व्हिसा, पासपोर्ट?

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, त्याच क्रूझमध्ये माँटेनेग्रो, अल्बेनिया, तुर्कस्तान असं काही असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत येताय, त्यामुळे मल्टिपल एंट्री मागा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्येच आहे. जहाजानं पासपोर्ट स्वतःकडे ठेवले नसतील तर ओरिजिनल सोबत घ्या, ठेवले असतील तर निदान फोटोकॉपी आणि क्रूझ कार्ड.

हातात चार तास आहेत. कुठून सुरू करू?

मला विचाराल तर हा रस्ता. स्टेशनपासून दहा मिनिटांत पियात्सा विट्टोरियो व्हेनेतो हा मोठा चौक लागतो. तिथल्या कमानींखाली गेलं की सास्सो बारिसानो पहिल्यांदा दिसतं, आणि त्याच चौकाच्या पोटात पालोंबारो लुंगो हे प्रचंड टाकं आहे (त्याबद्दल खाली), त्याच्या पुढच्या टूरची वेळ पहिल्यांदा विचारून घ्या म्हणजे बाकीचं तसं बसवता येतं.

मग विया देल कोर्सोनं सपाट चालत विया रिदोला. वाटेत पुरगातोरिओ चर्चच्या दारापाशी थांबा. लाकडी दारावर चौकोनांमध्ये कवट्या कोरल्यात, काहींच्या डोक्यावर राजाचा मुकुट, काहींच्या बिशपची टोपी आणि काही उघड्या डोक्याच्या साध्या माणसांच्या. लोक सेल्फी काढत पुढं निघून जातात पण दारात उभं राहून एकेक कवटी बघण्यासारखी आहे. त्या रस्त्याच्या शेवटी पालात्सो लानफ्रांकी आणि त्याच्या बाजूच्या पियात्सेत्ता पास्कोलीवरून सास्सो कावेओसोचा पूर्ण उतार, दरी आणि पलीकडचं मुर्जाचं पठार एका नजरेत येतं.

तिथून पायऱ्यांनी खाली, सान पिएत्रो कावेओसो चर्चच्या चौकात. बाजूला कासा ग्रोत्ता म्हणजे मांडून ठेवलेलं गुहेतलं घर, आणि डोक्यावर सुळका दिसतो त्यात सांता मारिया दी इद्रिसचं चर्च कोरलंय. हे झालं की विया मादोन्ना देल्ले विर्तू हा दरीच्या काठाकाठानं जाणारा रस्ता पकडा, एका बाजूला दरी आणि समोरच्या कड्यात काळी भोकं दिसतात त्या आणखी गुहा. हा रस्ता चिविताला वळसा घालून सास्सो बारिसानोत नेतो आणि तिथून विया फियोरेंतिनीनं हळूहळू चढत परत पहिल्या चौकात. ताकद आणि वेळ उरला तर कॅथेड्रल. मध्ये मध्ये कुठल्याही बोळात शिरा, हरवलात तरी चालेल, वर चढत राहिलं की नव्या गावात पोचता.

कासा ग्रोत्तात आत काय असतं? तिकीट वर्थ आहे का?

पाच युरोच्या आसपास तिकीट, आणि हो, हेच एक बघा बाकी काही नाही बघितलं तरी. विको सोलितारियोमधलं हे घर १९५६ पर्यंत वापरात होतं. एकच खोली. दाराशी सगळ्यात जास्त उजेड म्हणून तिथं स्वयंपाक आणि एकच छोटं टेबल, मधोमध एक मोठं ताट कारण सगळे त्यातच जेवायचे. पलंग कमरेच्याही वर उंच, कारण ओल जमिनीतून येते आणि पलंगाखालची जागा कोंबड्यांना लागते. गादीत मक्याची वाळलेली पानं. कपाटाच्या खालच्या खणात तान्हं बाळ झोपायचं. खोलीच्या मागच्या अंगाला, जिथं खडक तसाच ओबडधोबड आहे, तिथं खेचर बांधायचे, कारण खेचर म्हणजे त्या कुटुंबाची सगळी कमाई, ते रात्री बाहेर ठेवून चालायचं नाही, आणि थंडीत त्याच्या अंगाची ऊबही मिळायची. जमिनीत टाक्याचं तोंड, छतावरून खोदलेल्या पन्हाळीतून पाणी तिथं यायचं.

आत रेकॉर्ड केलेली माहिती लागते, वेगवेगळ्या भाषांमध्ये, ती पाच-सात मिनिटांची असते आणि गर्दी असली की लोक तुम्हाला पुढं ढकलतात. सकाळी लवकर किंवा जेवणाच्या वेळी गेलं तर निवांत बघता येतं.

मग त्या लोकांना तिथून काढलं का?

याचं उत्तर माहीत असल्याशिवाय मातेरा बघूच नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे गाव कायम गरीब नव्हतं. १६६३ पासून १८०६ पर्यंत मातेरा बाझिलिकाताची राजधानी होतं, वरच्या भागातले दगडी वाडे आणि चर्च त्याच काळातली आठवण आहेत. पण लोकसंख्या वाढत गेली, जागा मिळेना, मग जी टाकी पाण्यासाठी होती, जी भुयारं धान्यासाठी आणि जनावरांसाठी होती त्यातही माणसं राहायला लागली. जमिनी मूठभर लोकांच्या, बाकीचे मजूर, पहाटे कित्येक तास चालत शेतावर जायचे आणि रात्री परत. विसाव्या शतकात आत वीज नाही, गटार नाही, मलेरिया आणि डोळ्यांचा ट्रकोमा घरोघरी, आणि लहान मुलं फार मोठ्या संख्येनं मरायची.

कार्लो लेव्ही हा तुरीनचा डॉक्टर आणि चित्रकार. मुसोलिनीच्या सरकारनं १९३५ साली त्याला या प्रांतात हद्दपार करून पाठवलं. त्याचं आठवणींचं पुस्तक १९४५ ला आलं, त्यात त्याच्या बहिणीनं पाहिलेल्या मातेराचं वर्णन आहे, तापानं फणफणलेली मुलं तिच्यामागे धावत पैसे नाही, क्विनाइन म्हणजे मलेरियाचं औषध मागत होती. ते वाचून इटली हादरली. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती येऊन गेले आणि मातेराला देशाची लाज म्हणायला लागले, १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः आले आणि १९५२ मध्ये कायदाच झाला, सास्सी रिकामी करायची. सुमारे १५ हजार लोकांना नव्या वस्त्यांमध्ये हलवलं. ला मार्तेल्ला, स्पिने बियांके, सेर्रा व्हेनेर्दी ही त्यातली नावं. ला मार्तेल्ला तर लुदोविको क्वारोनीसारख्या मोठ्या आर्किटेक्टनं आखलं, घराला लागून गोठाही दिला.

नळाचं पाणी मिळालं, संडास मिळाला, मुलं जगायला लागली, हे खरं आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. पण गेलं ते व्हिचिनातो. एका लहान अंगणाभोवती सात-आठ घरं, मध्ये विहीर, तिथंच कपडे, तिथंच भांडण, तिथंच दुसऱ्याच्या पोराला भरवणं, आपल्या चाळीच्या गॅलरीसारखं. नव्या वस्तीत ते जुळून आलं नाही. आणि सास्सी तीस-पस्तीस वर्षं ओस पडली. १९८६ साली दुरुस्तीसाठी कायदा झाला, पैसा आला, हळूहळू लोक परतले. यातला बराचसा भाग अजून सरकारी मालकीचा आहे आणि लोकांना भाडेपट्ट्यानं दिलेला आहे. आज त्याच गुहांमध्ये हॉटेलं आणि महागडी रेस्टॉरंट आहेत.

म्हणून एक मनापासून विनंती. इथं भेटणाऱ्या साठी-सत्तरीच्या गाईडचा जन्म कदाचित अशाच खोलीत झालाय. "कित्ती क्यूट घरं" असं म्हणण्याआधी त्यांना विचारा की तुमचं घर कुठल्या बाजूला होतं. बहुतेकजण हात लांब करून दाखवतात आणि मग जे सांगतात ते कुठल्याच ऑडिओ गाईडमध्ये नसतं.

पालोंबारो लुंगो चुकवलं तर चालेल का?

वेळ असेल तर नका चुकवू. वरचा चौक लोकांनी भरलेला असतो, कॉफी चालू असते, आणि तुम्ही जिन्यानं खाली उतरता तर एक कॅथेड्रलएवढी उंच जागा, पंधरा मीटरच्या वर, खडकातच ठेवलेले खांब, आणि भिंतींवर पाण्याच्या जुन्या पातळीच्या रेषा. क्षमता सुमारे ५० लाख लिटर. भिंतींना कौलाच्या चुऱ्याचा गिलावा, त्यानं पाणी झिरपत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नळयोजना आल्यावर वापर थांबला, लोक विसरून गेले आणि १९९१ ला चौकाचं काम चालू असताना परत सापडलं. टूर गाईडसोबतच असते, इटालियन आणि इंग्रजी वेळा वेगवेगळ्या, अर्ध्या तासात होते. खाली गारवा असतो, उन्हाळ्यात तर बाहेर यावंसं वाटत नाही.

गुहेतली चर्च किती बघावी?

या परिसरात दीडशेच्या वर आहेत, एका दिवशी दोन पुरे. सांता मारिया दी इद्रिस आणि सांता लुचिया आल्ले माल्वे, दोन्ही जवळजवळ आहेत, दोन्हीत जुनी भित्तिचित्रं. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे असू द्या.

"ओरिजिनल सिन" नावाची गुहा पण खूप प्रसिद्ध आहे, आठव्या-नवव्या शतकातली चित्रं आहेत, पण ती गावाबाहेर १४ किलोमीटरवर आहे आणि आधी बुकिंग लागतं, क्रूझच्या दिवशी नका करू.

आईचे गुडघे दुखतात, बाबांना चढ झेपत नाही. न्यावं का?

न्या, फक्त सास्सीत उतरवू नका. स्टेशन, व्हेनेतो चौक, विया देल कोर्सो, विया रिदोला, पास्कोलीचा व्ह्यू पॉइंट हा सगळा वरचा भाग जवळपास सपाट आहे आणि बसायला बाकं आहेत. पालात्सो लानफ्रांकीत आत गेलात तर कार्लो लेव्हीचं भलंमोठं चित्र आहे, लुकानिया ६१, साडेअठरा मीटर लांब, १९६१ ला तुरीनच्या प्रदर्शनासाठी काढलेलं. शेतकरी, बायका, पोरं, रडणं, भाषण, सगळं एका भिंतीवर. वयस्कर माणसांना हे चित्र फार भिडतं असा माझा अनुभव आहे, समोर बसून राहतात. तुम्ही खाली जाऊन या तोवर त्यांचा वेळ उत्तम जातो.

खालचं दाखवायचंच असेल तर तीनचाकी मिळतात. चौकात उभ्याच असतात, पियाज्जोच्या आपे, सजवलेल्या. आपल्याकडे बारामतीत याच कंपनीचा कारखाना आहे आणि गावोगावी ही आपे धावते, त्यामुळे आजी-आजोबा एकदम खूश होतात. भाव बसण्याआधी ठरवा, किती वेळ आणि कुठे कुठे थांबणार तेही. सास्सीत बाहेरच्या गाड्यांना बंदी असल्यामुळे नेहमीची टॅक्सी आत फार जात नाही.

स्ट्रोलरचं म्हणाल तर जहाजावरच ठेवा, बाळ कॅरिअरमध्ये घ्या.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल आणि चांगलं मिळेल, हा गरीब शेतकऱ्यांचा स्वयंपाक आहे, डाळी-भाज्या-पाव भरपूर. फावे ए चिकोरिया मागा, बाकल्याच्या डाळीचं मऊ पिठलंवजा वरण आणि सोबत किंचित कडसर पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल. पेपेरोनी क्रुस्की म्हणजे वाळवलेल्या गोड्या लाल मिरच्या तेलात क्षणभर तळून कुरकुरीत केलेल्या, तिखट अजिबात नसतात, पास्त्यावर चुरून घालतात. फोकाच्चा टोमॅटो-ऑलिव्हची कुठंही मिळते.

एका गोष्टीची काळजी घ्या. ओरेकिएत्ते कॉन चिमे दी रापा हा पालेभाजीचा पास्ता दिसायला शुद्ध शाकाहारी असतो पण त्यात बऱ्याचदा अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो. "सेन्झा आच्चुगे" म्हणजे अँचोव्हीशिवाय, असं सांगायचं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" म्हणजे मांस-मासे नको. जैन जेवण मागू नका, समजावण्यात वेळ जातो, सोबत खाकरा-ठेपले ठेवा.

पाव जरूर घ्या. पाने दी मातेरा, डुरम गव्हाच्या रव्याचा, बाहेर जाड कडक कवच आणि आत पिवळसर, आठवडाभर टिकतो. पूर्वी घरोघरी कणीक मळून भाजायला सार्वजनिक भट्टीत पाठवायचे आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून त्यावर लाकडी शिक्का उमटवायचे, शिक्क्यावर कुटुंबाची अक्षरं. असे कोरीव शिक्के आजही विकायला असतात आणि फ्रिज मॅग्नेटपेक्षा घरी आणायला कितीतरी छान. दुसरी वस्तू म्हणजे कुकू, मातीचा कोंबडा, शेपटीतून फुंकलं की शिट्टी वाजते.

जेवण साडेबारा ते अडीचमध्येच उरका, नंतर किचन बंद होतात ते थेट संध्याकाळी उघडतात. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन युरो असतात, ती टिप नाही, तिथली रीतच आहे.

कुठल्या महिन्यात बरं?

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरा दगड तापतो, सावली नाही, पारा ३५ च्या वर जातो. पाऊस पडला असेल तर पायऱ्या गुळगुळीत आणि निसरड्या, ग्रिप असलेले बूट हवेतच, चपला-सँडल नको. २ जुलैला मादोन्ना देल्ला ब्रूनाची मोठी जत्रा असते, कागदाच्या लगद्याचा भव्य रथ रात्री लोक तोडून त्याचे तुकडे घरी नेतात, पण तो प्रकार रात्रीचा, तोवर तुम्ही समुद्रात असाल, तुमच्या वाट्याला फक्त गर्दी आणि बंद रस्ते.

समोरच्या पठारावरून भारी फोटो येतो म्हणतात, जाऊ का?

फोटो भारी येतोच. व्हॅन असेल तर ड्रायव्हरला येतानाच मुर्जा तिमोने व्ह्यू पॉइंटवरून घ्यायला सांगा, पंधरा-वीस मिनिटांत होतं. दरीत उतरून झुलत्या पुलावरून चालत पलीकडे चढायचं तर दीड-दोन तास जातात आणि चढ चांगलाच आहे, ते मुक्कामाला याल तेव्हा.

सोबत आल्बेरोबेल्लो पण होईल?

नाही. शंकूच्या छपरांचं ते गाव वेगळ्या दिशेला आहे. दोन्ही एका दिवशी दाखवणाऱ्या टूर असतात, त्यात दोन्हीकडे धड काहीच होत नाही.

परत येऊन बारीत तासभर उरला तर?

जुन्या बारीत सान निकोलाची बॅसिलिका, १०८७ साली मायराहून आणलेले संत निकोलसचे अवशेष इथं तळघरात आहेत, सांताक्लॉजची गोष्ट ज्यांच्यावरून आली तेच हे. ऑर्थोडॉक्स भाविकही येतात. किल्ल्याजवळच्या आर्को बास्सो गल्लीत बायका दारात बसून सुरीच्या टोकानं ओरेकिएत्ते वळत असतात, वेग बघण्यासारखा. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि शक्यतो एखादं पाकीट घ्या.

आणि एवढं करून जहाज सुटलंच तर?

घाबरू नका. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर त्या बंदराच्या पोर्ट एजंटचा नंबर छापलेला असतो, सकाळीच त्याचा फोटो काढून ठेवा आणि उशीर होतोय असं वाटताक्षणी, अजून वाटेत असतानाच फोन करा. पासपोर्ट जहाजावर राहिला असेल तर बऱ्याचदा क्रू तो काढून एजंटकडे देऊन जातो. पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चानं जायचं असतं. बारीहून दुब्रोव्हनिक, अल्बेनियातलं दुर्रेस, ग्रीसमधलं इगुमेनित्सा आणि पात्रास इथं फेरी जातात, काही फक्त सीझनमध्ये, आणि त्यातल्या बऱ्याच संध्याकाळी किंवा रात्री सुटतात. म्हणजे त्याच रात्री निघता येण्याची शक्यता बरीच असते. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये क्रूझ चुकल्याचं कव्हर आहे का ते घरूनच बघून घ्या, आणि रोजची औषधं, चार्जर, एक क्रेडिट कार्ड पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, केबिनमध्ये नाही.